चिमूटभर तांबे आणि चाळीस टक्के: एका आकड्याचा माग

२००१ साली एक छोटासा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. इंजिन थंड ठेवायला वापरतात त्या एथिलीन ग्लायकॉलमध्ये तांब्याचे कण मिसळले होते, सरासरी १० नॅनोमीटरहूनही बारीक. तांब्याचे आकारमान एकूण द्रवाच्या फक्त ०.३ टक्के होते, म्हणजे एका लिटरमागे ३ मिलिलिटर. एवढ्याशा तांब्याने द्रवाची उष्णतावाहकता ४० टक्क्यांपर्यंत वाढल्याचे मोजमाप सांगत होते.

मिश्रणाची वाहकता काढण्याचे, तेव्हाच सव्वाशे वर्षे जुने झालेले सूत्र याच मिश्रणाला ०.९ टक्के वाढ देते.

एकीकडे ४० आणि दुसरीकडे ०.९ अशी ही तफावत चव्वेचाळीस पटींची आहे. मापनात दोन-चार टक्के इकडेतिकडे होतात, पण एवढा फरक मापनातल्या चुकीवर सहज ढकलता येत नाही. त्यामुळे पुढची आठ-दहा वर्षे या आकड्याभोवती शेकडो निबंध लिहिले गेले. काहींनी जुना सिद्धांत मोडीत निघाल्याचे जाहीर केले आणि काहींनी नवे सिद्धांत मांडले. विषमांगी, म्हणजे वेगवेगळे घटक मिसळून बनलेल्या पदार्थांचे गणिती प्रारूप कसे करावे आणि कुठे थांबून विचारावे, हे शिकायला मला याहून चांगले प्रकरण माहीत नाही. म्हणून ते इथे पहिल्यापासून उलगडतो. आकडेमोड शक्यतो तुमच्यासमोरच करतो; कागद-पेन घेऊन बसलात तर प्रत्येक पायरी पडताळून पाहता येईल.

जुने सूत्र काय म्हणते

सूत्र मॅक्सवेलचे, १८७३ चे. त्याच्यापुढचा प्रश्न विजेचा होता: एका माध्यमात दुसऱ्या पदार्थाचे गोळे विखुरलेले असतील तर एकूण रोध किती? पण स्थिर अवस्थेतली उष्णता, वीज आणि द्रावणातला विसरणाचा (पदार्थ आपोआप पसरत जाण्याचा) प्रवाह हे सगळे एकाच समीकरणाने चालतात. म्हणून एकदा काढलेले उत्तर सगळीकडे चालते.

त्याची युक्ती फार सुंदर आहे. एक मोठा काल्पनिक गोळा घ्या आणि त्यात पुष्कळ छोटे गोळे विखरून ठेवा. आता खूप लांब उभे राहून पाहा. या मोठ्या गोळ्यामुळे भोवतालच्या तापमानात थोडी गडबड झालेली दिसेल. ती गडबड दोन तऱ्हांनी काढता येते. एक तऱ्हा म्हणजे प्रत्येक छोट्या गोळ्याची गडबड वेगवेगळी काढून बेरीज करायची. दुसरी म्हणजे आतले काही दिसतच नाही असे समजून, सगळा मोठा गोळा एकाच अज्ञात वाहकतेच्या पदार्थाचा आहे असे धरायचे. लांबून पाहणाऱ्याला दोन्ही उत्तरे सारखीच दिसली पाहिजेत. ती सारखी लिहिली की अज्ञात वाहकता बाहेर पडते.

कण द्रवापेक्षा कितीतरी पटींनी चांगला वाहक असेल तर सूत्र अगदी सोपे होते. कणांच्या आकारमानाचा अंश घ्या. एक अधिक त्याची दुप्पट, याला एक वजा तो अंश याने भागा. आपल्या बाबतीत अंश ०.००३ आहे. १.००६ भागिले ०.९९७ म्हणजे १.००९. हीच ती ०.९ टक्के वाढ. थोडक्यात, वाढ आकारमानाच्या अंशाच्या तिप्पट.

इथे एक गोष्ट खटकायला हवी. तांब्याची वाहकता सुमारे ४०० वॅट प्रति मीटर-केल्विन, ग्लायकॉलची सुमारे ०.२५. म्हणजे तांबे १,६०० पट सरस आहे, आणि तरी उत्तरात त्या १,६०० चा मागमूस नाही. तांब्याऐवजी २,००० वाहकतेचा हिरा घातला तरी उत्तर तेच ०.९ टक्के. याचे कारण असे की सुटा गोळा चारी बाजूंनी द्रवाने वेढलेला आहे. उष्णतेला त्याच्यात शिरायला द्रवातून यावे लागते आणि बाहेर पडल्यावर पुन्हा द्रवातूनच जावे लागते. गोळ्याच्या आतला प्रवास फुकट झाला तरी वाटेचा खर्च द्रवच ठरवतो.

मॅक्सवेलने यात काय काय गृहीत धरले ते नीट लक्षात ठेवायला हवे, कारण पुढची सगळी कथा तिथेच आहे. कण गोल आहेत. ते एकमेकांपासून इतके दूर आहेत की एकाची गडबड दुसऱ्याला जाणवत नाही. कण आणि द्रव यांच्यातला सांधा निर्दोष आहे, तिथे उष्णता अडत नाही. आणि कण जागच्या जागी स्थिर आहेत.

नवे भौतिक शोधण्याची घाई

सर्वांचे लक्ष आधी गेले ते शेवटच्या गृहीतकाकडे. नॅनोकण स्थिर नसतात. द्रवाच्या रेणूंच्या धक्क्यांनी ते सतत थरथरत असतात. मग हे थरथरणारे कण उष्णता वाहून नेत असतील, किंवा निदान द्रव ढवळत असतील, ही कल्पना मनाला लगेच पटते. तापमानाबरोबर वाढही वाढते असे काही प्रयोगांत दिसल्याने तिला जोर आला.

पण एकदा आकडे घालून पाहा. १० नॅनोमीटरचा तांब्याचा कण ग्लायकॉलमध्ये किती वेगाने पसरतो? तपमानाची ऊर्जा ४.१ गुणिले दहाचा उणे २१ वा घात ज्यूल, ग्लायकॉलची श्यानता (घट्टपणा) सुमारे ०.०१६ पास्कल-सेकंद. यातून कणाचा विसरणांक, म्हणजे पसरण्याच्या वेगाचे माप, येतो दर सेकंदाला सुमारे २.७ गुणिले दहाचा उणे १२ वा घात चौरस मीटर. त्याच द्रवात उष्णतेचा विसरणांक आहे सुमारे ९.४ गुणिले दहाचा उणे ८ वा घात. म्हणजे उष्णता कणापेक्षा जवळपास ३५,००० पट वेगाने पसरते. कणाला स्वतःच्या व्यासाइतके अंतर हलायला सुमारे ६ मायक्रोसेकंद लागतात. तेवढेच अंतर उष्णता एका नॅनोसेकंदाच्याही आत ओलांडते. जो पाठवायचा तो निरोप केव्हाच पोचलेला आणि निरोप्या अजून उंबऱ्यात. अशा निरोप्याच्या पायांवर ४० टक्के वाढ उभी राहत नाही.

दुसरी कल्पना द्रवाच्या थराची होती. घन पृष्ठभागाला चिकटून द्रवाचे रेणू काहीसे शिस्तीत बसतात, आणि हा शिस्तीतला थर जास्त चांगला वाहक असेल तर कण प्रत्यक्षात मोठा झाल्यासारखा वागेल. कल्पना रास्त आहे, थरही खरा असतो. प्रश्न जाडीचा आहे. ४० टक्के वाढीसाठी सूत्राला किती आकारमान हवे ते उलटे काढू: ११.८ टक्के. आपल्याकडे आहे ०.३ टक्के. म्हणजे प्रत्येक कणाचे आकारमान ३९ पट व्हायला हवे, त्रिज्या जवळपास ३.४ पट. ५ नॅनोमीटर त्रिज्येच्या कणाभोवती १२ नॅनोमीटरचा थर! शिस्तीचा थर काही रेणूंपुरताच टिकतो, नॅनोमीटरभराच्या आसपास. एक नॅनोमीटर धरला, आणि तो तांब्याइतका वाहक आहे अशी अवास्तव मेहेरबानीही केली, तरी आकारमान १.७ पट होते आणि वाढ ०.९ वरून १.६ टक्क्यांवर जाते.

२००२ मध्ये केब्लिन्स्की आणि सहकाऱ्यांनी चार संभाव्य कारणे समोरासमोर ठेवून तपासली: कणांची थरथर, द्रवाचा थर, कणाच्या आत उष्णता नेमकी कशी वाहते, आणि कणांचे पुंजके. थरथरीचा मार्ग त्यांनी वेळेच्या अशाच हिशोबाने जवळजवळ बंद केला. तरीही त्यानंतर कितीतरी वर्षे थरथरीवर आधारलेली सूत्रे येतच राहिली. त्यांत जुळवून घ्यायचे एक-दोन स्थिरांक असत आणि प्रत्येक प्रयोगाला ते वेगळे निघत. प्रत्येक नमुन्यासाठी नवा स्थिरांक मागणारे सूत्र मोजलेला आकडाच दुसऱ्या वेशात परत देत असते, आणि तरीही तो आपल्याला भाकितासारखा वाटत राहतो. या टप्प्यावर बरीच हुशार माणसे खूप काळ अडकून पडली, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते.

न विचारलेला प्रश्न

विचारायला हवा होता तो प्रश्न याहून साधा आहे. इतके तांबे आणि इतके ग्लायकॉल, एवढेच माहीत असेल आणि मांडणी अजिबात माहीत नसेल, तर वाहकता कुठून कुठपर्यंत असू शकते?

या प्रश्नाचे उत्तर १९६२ मध्येच तयार होते. हाशिन आणि श्ट्रिकमन यांनी ते चुंबकीय पारगम्यतेसाठी (पदार्थ चुंबकीय क्षेत्राला किती वाट देतो त्यासाठी) काढले. वर म्हटल्याप्रमाणे गणित एकच असल्याने ते उष्णतेलाही जसेच्या तसे लागू पडते. त्यांनी दाखवले की सर्व दिशांना सारखे वागणारे मिश्रण असेल, तर दोन घटकांच्या वाहकता आणि आकारमान यांवरून एक खालची आणि एक वरची सीमा ठरते. सांधे निर्दोष असतील तर मांडणी कशीही करा, उत्तर या दोहोंच्या आतच पडणार. आणि या सीमा नुसत्या कागदी नाहीत. दोन्ही ठिकाणी तंतोतंत पोचणारी मांडणी दाखवता येते.

खालची सीमा गाठणारी मांडणी म्हणजे तांब्याचे गोळे, प्रत्येकाभोवती द्रवाचे वेष्टन. सूत्र पाहिले तर ते मॅक्सवेलचेच निघते. हे वाक्य वाचून क्षणभर थांबा. जे सूत्र ‘सिद्धांताचे भाकीत’ म्हणून वापरले जात होते, ते खरे तर सर्व शक्य उत्तरांतले सर्वांत कमी उत्तर होते. चांगले वाहक कण मिसळले असताना मॅक्सवेलपेक्षा जास्त आकडा येणे हे जुन्या भौतिकाच्या विरुद्ध नाहीच.

वरची सीमा उलट मांडणीने मिळते: द्रवाचे गोळे, प्रत्येकाभोवती तांब्याचा पापुद्रा. ०.३ टक्के तांब्यात हा पापुद्रा गोळ्याच्या त्रिज्येच्या हजाराव्या भागाइतका पातळ असेल, फेसाच्या भिंतीसारखा. पण तो अखंड आहे. उष्णतेला एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत तांब्यातूनच जाता येते, द्रवात उतरावेच लागत नाही. आकडे घाला: तांबे ४००, द्रव ०.२५, अंश ०.००३. वरची सीमा येते १.०५ वॅट प्रति मीटर-केल्विन, म्हणजे नुसत्या ग्लायकॉलच्या ४.२ पट.

तर तेच तांबे, तेवढेच तांबे, तोच द्रव, आणि वाढ ०.९ टक्क्यांपासून ३२० टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते. ४० टक्के आरामात आत बसतात.

कुणी म्हणेल, १० नॅनोमीटरच्या कणात तांब्याची वाहकता ४०० राहणार नाही, कारण इलेक्ट्रॉन एका धडकेपासून दुसरीपर्यंत साधारण ४० नॅनोमीटर धावतात आणि इथे कणच त्याहून लहान आहे. आक्षेप बरोबर आहे. मग वाहकता १०० धरा. वरची सीमा खाली येऊन १.८ पट होते. ४० टक्के तरीही आतच.

घटकांचे प्रमाण सांगून मिश्रणाचा गुणधर्म सांगता येत नाही, हे विषमांगी पदार्थांच्या अभ्यासात पहिल्या धड्यात शिकवतात. दोन घटकांच्या वाहकता जवळपासच्या असतील तर त्या अज्ञानाने फार बिघडत नाही. सीमा एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि मांडणी कशीही असली तरी उत्तर तेच. पण वाहकता १,६०० पटींनी वेगळ्या असतील तर दोन सीमांच्या मधली जागा केवढीतरी मोठी होते, आणि त्या जागेत नेमके कुठे उभे आहोत हे फक्त मांडणी सांगते. नॅनोद्रवांवरच्या, म्हणजे असे बारीक कण मिसळलेल्या द्रवांवरच्या, पहिल्या काही वर्षांतल्या बहुतेक निबंधांत कणाचा व्यास असे, प्रमाण असे, तापमान असे. कण द्रवात सुटे होते की हातात हात घालून, हे क्वचितच मोजलेले असे. वाळवलेल्या थेंबाचे सूक्ष्मदर्शकातले चित्र असे, पण द्रव वाळताना कण आपसूक गोळा होतात, त्यामुळे ओल्या द्रवातल्या मांडणीची साक्ष ते चित्र देऊ शकत नाही.

पुंजक्यांचा हिशोब

कणांचे सैल पुंजके झाले असतील तर काय, ते दोन पायऱ्यांत काढता येते. आधी एका पुंजक्याची आतली वाहकता, मग असे पुंजके विखुरलेल्या द्रवाची.

पुंजक्याच्या आत २० टक्के तांबे आणि बाकी अडकलेला द्रव आहे असे धरा. मग ०.३ टक्के तांब्याचे पुंजके एकूण १.५ टक्के जागा व्यापतील, आणि मॅक्सवेलचे सूत्र पुंजक्यांना लावले तर वाढ येते ४.६ टक्के. पाचपट फरक पडला, पण ४० फार दूर आहे. ११.८ टक्के जागा भरायची तर पुंजक्याच्या आत तांबे फक्त २.५ टक्के हवे. म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारखा, लांब साखळ्यांचा विरळ गुंता. अशा गुंत्यातून तांब्याची वाट अखंड असेल तर त्याची वाहकता द्रवाच्या २५-२७ पट होऊ शकते, आणि एकूण वाढ ३५ टक्क्यांपर्यंत पोचते. अशक्य नाही, पण ही टोकाची मांडणी आहे, आणि त्यात कण एकमेकांना खरोखर टेकलेले हवेत.

इथे त्या मूळ निबंधातली एक नोंद फार बोलकी आहे. ४० टक्के वाढ ज्या द्रवात दिसली त्यात थायोग्लायकॉलिक आम्ल अगदी थोडे घातलेले होते. आम्ल नसलेल्या द्रवात वाढ बरीच कमी होती. शिवाय ताजा द्रव आणि काही आठवडे ठेवलेला द्रव यांचेही आकडे वेगळे आले. प्रमाण तेच, कण तेच, आकडा वेगळा. द्रवात प्रमाणापलीकडचे काहीतरी बदलते आहे, हा पुरावा पहिल्याच दिवसापासून समोर होता.

मात्र आम्ल घालण्याचा हेतू कण सुटे ठेवण्याचा होता, आणि त्याच द्रवात वाढ जास्त दिसली. म्हणून त्या एका नमुन्याचे ४० टक्के मी डोळे झाकून पुंजक्यांच्या नावावर लिहिणार नाही. सीमा एवढेच सांगतात की हा आकडा जुन्या नियमात बसू शकतो. तो तसा आला होता का, हे ठरवायला त्याच द्रवाची, त्याच क्षणीची मांडणी लागते.

सीमेबाहेरचा आकडा

सीमांचा खरा उपयोग जिथे आकडा आत बसत नाही तिथे दिसतो. २००३ मधल्या एका निबंधात पाण्यात सोन्याचे कण होते, आकारमानाने फक्त ०.०००२६ टक्के, आणि ३० ते ६० अंश सेल्सिअस तापमानात वाढ ५ ते २१ टक्के नोंदवली होती. वरची सीमा काढा. सोन्याची वाहकता सुमारे ३१८, पाण्याची ०.६. इतक्या कमी प्रमाणात वाढीची कमाल म्हणजे अंश गुणिले वाहकतांचे गुणोत्तर, त्याचे दोन-तृतीयांश. उत्तर ०.०९ टक्के. सगळे सोने ठोकून एकसंध जाळे केले तरी एक दशांश टक्कासुद्धा नाही! इथे मांडणीची पळवाटच उरत नाही. एक तर स्थिर माध्यमातल्या वहनापलीकडचे काहीतरी घडते आहे, नाहीतर मापन पुन्हा तपासायला हवे.

मापनाकडे वळू. द्रवाची वाहकता बहुधा तप्त तारेच्या पद्धतीने मोजतात. दोन अंकी मायक्रॉन जाडीची प्लॅटिनमची तार द्रवात ताणून धरायची आणि तिच्यातून एकदम वीज सोडायची. तार तापते. तिचाच रोध वाचून तापमान कळते. तापमानाची वाढ काळाच्या लॉगॅरिदमसमोर मांडली की सरळ रेषा येते, आणि रेषेचा चढ जितका कमी तितकी द्रवाची वाहकता जास्त. ऐकायला सोपे आहे. पण ही रेषा सरळ असते फक्त थोडा वेळ. सुरुवातीचा क्षणभर तारेच्या स्वतःच्या उष्णताधारकतेत जातो. काही सेकंदांनी तापलेला द्रव वर चढू लागतो आणि तारेला अधिक थंड ठेवतो. चढ कमी दिसतो, आणि वाहकता आहे त्यापेक्षा जास्त भासते. द्रव विजेचा वाहक असेल तर थोडी वीज तारेऐवजी द्रवातून पळते; म्हणून तारेवर विसंवाहक लेप हवा. या तिन्हींपैकी एकाकडे दुर्लक्ष झाले तरी टक्केवारीत बोलणारा निकाल डळमळतो. शिवाय तापमान वाढवले की द्रव पातळ होतो, त्याचे वर चढणे सोपे होते, आणि ‘तापमानाबरोबर वाढ वाढते’ असा देखावा आयता मिळतो.

२००६ मध्ये एका गटाने तार सोडून प्रकाशकिरणाच्या वळण्यावरून वाहकता मोजली. सोन्याच्या कणांसह त्यांनी अनेक द्रव तपासले. सर्वांत मोठी वाढ आली १.३ टक्के, आणि तिच्यात ०.८ टक्क्यांची अनिश्चितता.

त्यानंतर मात्र या क्षेत्राने केले ते काम मला अतिशय आदराचे वाटते. जगभरच्या ३० हून अधिक संस्थांनी एकाच घाण्यातून काढलेले नमुने वाटून घेतले आणि आपापल्या पद्धतीने मोजले. तेलातले अॅल्युमिनाचे (अॅल्युमिनियम ऑक्साइडचे) गोल कण, अॅल्युमिनाच्या कांड्या, पाण्यातले सोने, पाण्यातली सिलिका, असे नाना प्रकार होते. २००९ मध्ये निकाल छापून आला. बहुतेकांची मोजमापे प्रत्येक नमुन्याच्या सरासरीच्या १० टक्क्यांच्या आत होती. चांगल्या पसरलेल्या कणांसाठी मॅक्सवेलचे सूत्र आणि त्याचे १९९७ मधले व्यापक रूप, ज्यात कणाचा लांबट आकार आणि सांध्याचा रोध धरलेला असतो, मोजमापांशी चांगले जुळले. कांड्यांनी गोळ्यांपेक्षा जास्त वाढ दिली. सिद्धांतही तेच सांगत होता. पुढच्या वर्षी, २०१० मध्ये, आधीच प्रसिद्ध झालेली ढीगभर मोजमापे हाशिन-श्ट्रिकमन सीमांसमोर मांडून दाखवली गेली. बहुतांश आतच होती.

सांध्यावरचा अडथळा

उलट बाजूची फसगतही याच काळातली आहे. २००१ मध्येच तेलात एक टक्का कार्बन नलिका घालून १६० टक्के वाढ मोजली गेली, आणि तीही अद्भुत म्हणून गाजली. पण गोळ्याऐवजी लांब सुईचे गणित लावा. वेड्यावाकड्या दिशांना पसरलेल्या फार लांब सुयांसाठी वाढ साधारण अंश गुणिले वाहकतांचे गुणोत्तर, भागिले तीन. नलिकेची २,०००, तेलाची ०.१४ धरली तर वाहकता ४८ पटींच्या घरात जायला हवी. मोजलेला आकडा अद्भुत तर नाहीच, तो फारच कमी आहे!

कमी का, तर मॅक्सवेलचे निर्दोष सांध्याचे गृहीतक इथे तुटते. १९४१ मध्ये कापित्झा या भौतिकशास्त्रज्ञाला तांबे आणि द्रव हीलियम यांच्या सीमेवर तापमानात एकदम उडी दिसली होती. तसा रोध प्रत्येक सांध्यावर थोडाफार असतो. पाण्यात साबणासारख्या रेणूंनी वेढलेल्या कार्बन नलिकांसाठी २००३ मध्ये तो मोजला गेला: प्रति चौरस मीटर, प्रति केल्विन फक्त १२ मेगावॅट उष्णता सांधा ओलांडते. पाण्याची वाहकता याने भागली की येतात ५० नॅनोमीटर. म्हणजे न दिसणारा तो सांधा ५० नॅनोमीटर जाड पाण्याच्या थराइतका अडवतो. कण जितका बारीक तितका त्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने जास्त, आणि तितका हा अडथळा भारी. कण बारीक केले की वहन सुधारते ही समजूत या एका आकड्यापुढे टिकत नाही. झिंक सल्फाइडमध्ये हिऱ्याची पूड मिसळलेल्या घन पदार्थात हे १९९२ मध्येच दिसले होते: मोठ्या कणांनी वाहकता वाढली, मायक्रॉनहून बारीक कणांनी ती नुसत्या झिंक सल्फाइडच्याही खाली गेली. हिरा घालून वाहकता घटली!

चुंबक

मांडणीच सर्व काही ठरवते, याचा सर्वांत निर्विवाद पुरावा मला वाटते २००७ मध्ये कल्पक्कमच्या इंदिरा गांधी अणुसंशोधन केंद्रातून आला. द्रवात मॅग्नेटाइट या चुंबकीय लोह-ऑक्साइडचे बारीक कण होते, ६.३ टक्के. मॅक्सवेलच्या हिशोबाने एवढ्यावर वाढ २० टक्क्यांच्या आसपास. त्यांनी द्रवात काही मिसळले नाही, काही काढले नाही. फक्त उष्णता ज्या दिशेने वाहते त्या दिशेने चुंबकीय क्षेत्र लावले. कण एकामागोमाग उभे राहून साखळ्या झाल्या. वाढ ३०० टक्क्यांपर्यंत गेली.

एकच बाटली आणि एकच प्रमाण. क्षेत्र उष्णतेच्या आडव्या दिशेला लावले तर साखळ्या तशाच होतात, पण त्या उष्णतेच्या वाटेवर नसतात आणि वाढ दिसत नाही. या प्रयोगात मांडणी हे अनुमान उरत नाही. ती हाताने फिरवता येणारी चावी होते.

बाटलीत आणि नळीत

आता व्यवहारातला प्रश्न: तांबे-ग्लायकॉलचा तो विरळ, जाळीदार गुंता आपण मुद्दाम बनवला, तर थंड करणारा द्रव म्हणून तो चालेल का? चार हिशोब करून पाहू.

आधी बाटलीत. १० नॅनोमीटरचा सुटा कण ग्लायकॉलमध्ये दिवसाला दोन-अडीच मायक्रॉन खाली उतरतो, म्हणजे जवळपास नाहीच. पण ५ मायक्रॉन व्यासाचा, आत २.५ टक्के तांबे असलेला पुंजका दिवसाला दीड सेंटिमीटर उतरतो. दहा सेंटिमीटरच्या बाटलीत आठवड्याभरात वरचा द्रव नुसता ग्लायकॉल.

मग श्यानता. पातळ मिश्रणासाठी आइन्स्टाइनचे सूत्र आहे: वाढ म्हणजे आकारमानाच्या अंशाची अडीच पट. (१९०६ मध्ये त्याने हा गुणक एक लिहिला होता, प्रयोगाशी जुळेना, तेव्हा १९११ मध्ये गणित पुन्हा तपासून त्याने तो अडीच केला.) तांब्याचे खरे आकारमान ०.३ टक्केच, पण पुंजके आतला द्रव धरून ११.८ टक्के जागा अडवतात, म्हणून घट्टपणा किमान २९ टक्क्यांनी वाढतो.

याने नुकसान होते का? शांतपणे वाहणाऱ्या द्रवाच्या नळीत उष्णता देण्याचा दर वाहकता भागिले व्यास या प्रमाणात असतो. वाहकता १.४ पट झाली तर नळी १.४ पट रुंद करूनही तोच दर राहतो, आणि तेवढाच द्रव ढकलायला लागणारा दाब व्यासाच्या चौथ्या घाताने घटतो, म्हणजे ३.८ पटींनी. श्यानता १.२९ पट वाढली तरी कागदावर फायदाच उरतो. हिशोब इथवर आला की मन भुलते.

पण ते १.४ मोजले होते स्थिर द्रवात, ताणलेल्या तारेभोवती. नळीत द्रव वाहतो. भिंतीजवळचे थर एकमेकांवरून घसरतात, आणि एकमेकांना जेमतेम टेकलेल्या कणांच्या साखळ्या त्या घसरणीत ओढल्या जातात, वाकतात, तुटतात. भिंतीजवळ घसरण सर्वांत जास्त असते, आणि उष्णता भिंतीतूनच यायची असते. म्हणजे जाळे सर्वांत आधी तुटते ते नेमके जिथे त्याची गरज आहे तिथे, आणि त्या पातळ पट्ट्यात द्रव पुन्हा सुट्या कणांच्या १.००९ कडे सरकतो.